ओहोटी न कळलेला माणूस

“हार्मकाका, त्या पाणबुडीत तुम्ही परसाकडला कुठे जायचात?”

गेशेने विचारलं एकदाचं! खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणी अलमुट आणि टोम्मा तोंडात मफलर कोंबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षापर्यंत हीच गेशे बाबांच्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतानाही लालबुंद व्हायची.

“बादलीत,” चहा ओतत हार्म म्हणाला. “आणि समुद्र खवळला की शेजाऱ्याच्या बुटात. सांग त्या बाहेरच्या भवान्यांना.”

पैज जिंकली, तरी गेशेने चमचा कपात ठेवला नाही. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या या एम्डनमध्ये पाहुण्याचा चमचा कपात पडेपर्यंत यजमानाला ओतत राहावं लागतं, आणि ओतणारा माणूस बोलतही राहतो. शिवाय तिला घरी जायचंच नव्हतं. ईस्टरनंतर तिने शाळा सोडून बाबांच्या भट्टीवर माशांना धुरी द्यायला बसायचं, असं घरी ठरत आलं होतं. तिचा बेत तयार होता: भांडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात टोपलीभर हेरिंग ‘चुकून’ करपवायचे. बाबाच हाकलतील परत शाळेत.

“आणि तुमच्या बोटीने युद्धभर केलं काय?”

“सुरुंग पेरले. फ्लँडर्सच्या बंदरातून निघायचं, इंग्लंडच्या किनाऱ्याशी पोटातून सुरुंग सोडायचे, की परत. मागे काय बुडालं ते आम्हाला दिसायचं नाही. सुरुंग तळाशी दोराने बांधलेला असतो. दोर जेवढा लांब, तेवढा तो वर येतो. दोराचं माप मी बंदरातच लावायचो. एकदा सुरुंग भरले, की समुद्रात तिथे हात पोचत नाही.”

“आणि तुम्ही एकदा चुकलात.”

हे गावाला ठाऊक होतं. युद्ध संपून दहा वर्षं झाली, तरी गुत्त्यात कोणी ना कोणी ओरडायचंच: हार्म, बाहेर भरती आहे की ओहोटी?

“चुकलो. भरतीचं पाणी धरून माप लावलं. ओहोटी लागली आणि सगळे सुरुंग वर, कढीतल्या गोळ्यांसारखे! इंग्रजांनी न्याहारीआधी वेचून नेले. कप्तान डोंगराकडचा, त्याला चूक पटली. मला बोटीवरून उतरवून स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं.”

गेशेने जिभेवरची खडीसाखर गालात सरकवली. एम्डनचं पाच वर्षांचं पोरसुद्धा झोपेत सांगेल, पाणी कधी उतरतं ते.

“काका, त्या वाटेने कसल्या बोटी जायच्या?”

“माणसांच्या. बायकापोरं असायची.”

“मग ती चूक नव्हतीच.”

हार्मने किटली खाली ठेवली. मग स्वतःचाच चमचा स्वतःच्या कपात ठेवला.

“तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“तेव्हा सांगितलं असतं, तर भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. आता सांगून कोणाला पटायचं?” तो हसला. “मी मजेत आहे गं. फक्त कधीकधी वाटतं, कोणाला तरी कळावं... मला माप येत होतं.”

रात्रीच्या जेवणाला आई सूप वाढत होती. बाबा आज भलतेच खुशीत होते.

“सुरुवातीला तुझ्या हातून मासे करपतील हं, गेशे. घाबरायचं नाही. मी काही रागावणार नाही.”

“करपणार नाहीत, बाबा,” गेशे म्हणाली. आवाज थोडा मोठाच लागला; आईचा डाव हवेतच थांबला. “भट्टी मला छान जमेल. पण मी येणार नाही. मी शाळेतच राहणार आहे.”