घट्ट वेणी

डॉक्टरांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे सरकवला आणि वर न बघताच म्हणाले, "उचला."

तिने दोन्ही मनगटं जवळ आणून जुडगा मध्ये धरला. वीतभर उचलला आणि खळ्ळकन पडला. बोटं दहाच्या दहा जागेवर होती. पण लॉन्ड्रीतल्या वाफेच्या प्रेसखाली सापडल्यापासून एकही मिटत नव्हतं. तुटून गेली असती तर बरं, असं तिला कधीकधी वाटे. नसलेली बोटं सरकारला दिसतात, असून मेलेली दिसत नाहीत. म्हणून अधूनमधून बोलावणं येतं: या, आणि अजून बऱ्या झाला नाहीत हे दाखवून जा.

"उचलला की," डॉक्टर म्हणाले.

"पडलाही की."

आता त्यांनी मान वर केली. घट्ट वेणी, टोकाला रिबीन, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. "छान तयार होऊन आलात. हे सगळं कोण करून देतं?"

ती तोंड उघडणार, तोच दारालगतच्या खुर्चीवरून सासू बोलली, "कोण कशाला करून देईल? माझी सून सगळं आपलं आपण करते. कुणापुढे हात पसरत नाही ती!"

हे वाक्य म्हाताऱ्या जिभेवर घट्ट बसलेलं. रोज सकाळी कडी लावून सासू तिची वेणी घाले, बटणं लावे, "मान सरळ ठेव, झोपलीस का?" म्हणून खेकसे. मग कडी काढून बाहेर आली की गिरणीवालीपासून साऱ्या गल्लीला हेच ऐकवी. आज नको तिथे तेच निघालं, आणि सासूला पत्ताही नव्हता. हनुवटी वर करून ऐटीत बसली होती.

डॉक्टरांचं पेन चालू लागलं. "वेणी, बटणं... स्वतः."

त्या एका ओळीने अपंगत्वाचा सरकारी भत्ता जाणार होता. आणि भत्ता गेला, तर सासूचे हात थकल्यावर सकाळची बाई ठेवायची कशावर? हल्ली भांग वाकडा येऊ लागला होता. दोघींनाही ते कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

"थांबा डॉक्टर. आई खोटं बोलताहेत."

"अगं!"

"माझ्या कौतुकापोटी. पण खोटं ते खोटंच."

तिने मनगटाने वेणी पुढे ओढली, रिबीन दातांत धरून हिसकली, मान झटकली. केस खांद्यांवर सुटले.

"आता घालते. बघा तुम्ही."

मनगटांनी केस गोळा केले, निसटले. पुन्हा केले, पुन्हा निसटले. तिला अजिबात घाई नव्हती. वाण्याच्या काट्याकडे बघावं तशी ती डॉक्टरांकडे रोखून बघत होती.

"पुरे. कळलं."

"ती ओळ खोडलीत?"

"खोडली."

"दाखवा."

त्यांनी कागद फिरवला. तिने सावकाश वाचला आणि उठली.

"केस बांधून घ्या," सवयीने ते बोलून गेले. मग त्यांनीच मान खाली घातली.

बाहेर बाकं खच्चून भरली होती. पलीकडच्या बाकावर लंगड्या भावाला घेऊन गिरणीवाली बसलेली.

"परक्या माणसापुढे मला खोटी पाडलीस," सासू पुटपुटली.

"आणि तुम्ही मला धडधाकट करून टाकलंत."

सासू तरातरा पुढे निघाली. चार पावलं गेली आणि थबकली. पिशवीतून फणी काढली.

"बस इथे."

"इथे? घरी कडी लावून घाला की."

"बस म्हणते ना!"

खांदा दाबून तिने सुनेला बाकाच्या कडेला बसवलं. आजूबाजूची बोलणी थांबली.

"अगं बाई! वेणी तुम्ही घालता होय?" गिरणीवालीने विचारलं.

सासूच्या तोंडात रिबीन होती. तिने भांग पाडला, तो वाकडा गेला. तो मोडून पुन्हा पाडला, पुन्हा वाकडाच. पेड घालून झाले. गाठ मात्र बसेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली.

"मान सरळ ठेव," ती सुनेवर खेकसली. सुनेची मान सरळच होती.

मग गिरणीवालीकडे न बघताच म्हणाली, "ए, बघत काय बसलीस? ये, हे टोक धर जरा."