सगळं डबल होतं

ताई रागावली की घर डोक्यावर घ्यायची. त्या सकाळी मात्र ती लगेच ओरडली नाही, आणि तेवढ्यानेच धाकट्या भावाचं धाबं दणाणलं.

ताई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, सगळी कॉम्प्युटरवर. कित्येक वर्षांचं काम जुन्या लॅपटॉपात, पेन ड्राइव्हवर, मिळेल तिथे विखुरलेलं. एकाच माकडाच्या तीन फायली: ‘फायनल’, ‘फायनल नवं’ आणि ‘हेच फायनल’. शेवटी एका उन्हाळ्यात कंबर कसून तिने तो पसारा निस्तरला. प्रत्येक पुस्तकाचा वेगळा फोल्डर. त्यात कच्ची रेखाटनं एकीकडे, रंगवलेली पानं एकीकडे. मग ते सगळं दोन हार्ड डिस्कवर भरलं. एक टेबलावर, रोजच्या कामाची. दुसरी आईच्या कपाटात, अडीअडचणीला.

अडचण आलीच. टेबलावरची डिस्क टकटक वाजली आणि बंद पडली. ताईने शांतपणे कपाटातली आणून जोडली. उघडली तर आत धाकट्याच्या सहलीचे व्हिडिओ.

‘‘माझी चित्रं कुठायत?’’

‘‘अगं, आईनेच दिली मला ही डिस्क. तुझ्याकडे आहेत तीच चित्रं होती यात,’’ धाकटा म्हणाला. ‘‘मी नीट बघितलं ना. सगळं डबल होतं. म्हणून पुसून टाकलं.’’

‘‘डबल असावं म्हणूनच ठेवलं होतं!’’

‘‘मला काय माहीत? बरं, चित्रंच आहेत ना, परत काढ.’’

‘‘परत काढ?’’ ताईचा आवाज चढला. ‘‘उद्या तुझं लग्न झालं आणि फोटो हरवले तर परत लग्न करशील?’’

आई मध्ये पडली. ‘‘जाऊ दे गं. मुद्दाम केलं का त्याने? एवढं आकांडतांडव कशाला?’’

हे ताईला जास्त झोंबलं. त्याच चित्रांवर या घराचं भाडं निघत होतं, आणि आईच्या कपाटातली त्यांची एवढीशी जागाही टिकली नव्हती. ती दोन्ही डिस्क उचलून तडक दुरुस्तीवालीकडे गेली.

दुरुस्तीवालीने टेबलावरच्या डिस्कचा नाद सोडायला सांगितलं. दुसरीचं बघून म्हणाली, ‘‘व्हिडिओ जिथे बसलेत तिथलं गेलं. बाकीचं येईल, पण नावं येणार नाहीत आणि फोल्डरही नाहीत. नुसता ढीग मिळेल.’’

ढीग मिळाला. हजारो फायली, नावाच्या जागी नुसते आकडे. ताईने धाकट्याला हाक मारली आणि शेजारची खुर्ची ओढली.

‘‘मी? मला चित्रांतलं काय कळतंय?’’

‘‘डबल आहे हे बरोबर कळलं होतं. बस.’’

त्याच्या सगळ्या सुट्ट्या त्या खुर्चीत गेल्या. ताई फाईल उघडायची, तो पुस्तक ओळखायचा. चुकला की बोलणी खायचा. पहिल्या दिवशी त्याला सगळी माकडं सारखीच दिसत होती. हळूहळू तो म्हणायला लागला, ‘‘थांब, हे त्यातलं नाही. याची शेपटी आखूड आहे.’’ एकदा एकाच पानाची अकरा कच्ची रेखाटनं लागोपाठ निघाली. तो बराच वेळ बघत राहिला.

‘‘एका पानाला एवढं करतेस?’’

‘‘एवढी वर्षं याच घरात राहतोस ना? कधी बघितलंस?’’ ताई फणकारली.

बहुतेक सगळं जागेवर लागलं. पण एक पुस्तक गेलं ते गेलंच. दिव्याला घाबरणाऱ्या वटवाघळाचं, तिचं सगळ्यांत लाडकं. त्यातलं एकही पान ढिगात सापडलं नाही. धाकट्याने ढीग पुन्हा पहिल्यापासून चाळला, तिने न सांगता. मग मान खाली घालून म्हणाला, ‘‘चुकलं माझं, ताई. खरंच चुकलं.’’

‘‘हो, चुकलं,’’ ताई म्हणाली. ‘जाऊ दे’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत, आणि तिने ते ओढूनताणून काढलेही नाहीत.

या वेळी तिने तीन नकला केल्या. तिसरी मावशीकडे नेऊन दिली आणि बजावलं, ‘‘माझ्याशिवाय कुणालाही द्यायची नाही. आई आली तरी नाही.’’

पुढे एकदा पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते. आई सवयीने म्हणाली, ‘‘घरीच असते. चित्रंबित्रं काढते.’’

धाकटा तिथेच बसला होता. ‘‘चित्रंबित्रं काय, आई?’’ तो एकदम तडकला. ‘‘तू बघितलंयस तरी का एक?’’

ताई आतल्या खोलीत ऐकत होती. तिला हसू आलं नाही. मनात म्हणाली, चला, निदान मी एकटीनेच चिडायचं तरी संपलं. आणि तिने वटवाघळाचं पहिलं पान नव्याने काढायला घेतलं.