बऱ्या झालेल्या बाईचं रक्त

"ताप गेला ना माझा? मंग आता रगत कशाला काढतोस?" हौसाआक्कानं हात पदराखाली ओढून घेतला.

डॉ. हरेश पाटील सुई धरून थांबले. प्रश्न रास्त होता. नऊ दिवसांपूर्वी ती तापानं फणफणत खारबावच्या या दवाखान्यात आली होती. मलेरियाची स्लाइड कोरी निघाली. तळहातांवर, तळपायांवर बारीक लाल ठिपके होते. मे महिना, पावसाचा पत्ता नाही, म्हणून साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोचा विचार मागे पडला आणि अठरा वर्षांत प्रथमच त्यांनी एका तापाच्या पेशंटला विचारलं, "गोठ्यात काय काय करतेस?"

"म्हशींच्या गोचिडी कोण काढंल? तू?"

त्यांनी त्याच वेळी गोचिडाच्या तापावरच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"सर, बर्फात घालून सॅम्पल मुंबईला पाठवायचं, रिपोर्टला आठ दिवस," सिस्टर हेमाली हळूच म्हणाली. "पेशंट तर ठणठणीत. त्या रिपोर्टचं काय लोणचं घालायचंय?"

तिचं म्हणणं भिवंडीतल्या कुठल्याही डॉक्टरला पटलं असतं. त्यांनाही इतकी वर्षं पटतच आलं होतं. पण या तापाची खूण रक्तात नीट उमटते ती पहिला आठवडा उलटल्यावर. तपासायचं तर आता. आणि त्यांना न तपासावंसं वाटण्याचं खरं कारण हेमालीला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, पुराच्या साली, हौसाचा मुलगा काळूराम असाच ताप आणि असेच ठिपके घेऊन आला होता. तेव्हा दिसेल तो ताप लेप्टोचा वाटत होता. त्यांनी पेनिसिलिन दिलं; गोचिडाच्या तापावर ते चालत नाही. गोठ्याचं विचारलं नाही. चौथ्या दिवशी काळूराम गेला.

आज रक्त घेतलं नाही, तर त्यांना कुणीच काही विचारणार नव्हतं.

"हात दे, आक्का," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही. मला कळायला हवं."

रिपोर्ट आला. गोचिडाचा तापच होता. त्यांनी हौसाला बोलावून घेतलं आणि दार लावून सगळं सांगितलं.



"काळूलाबी ह्योच व्हता?"

"असावा. मला तेव्हा ओळखता आला नाही."

"या गोल्या तवा व्हत्या?"

"होत्या."

तिनं टेबलावरचा कागद उचलला. वाचता येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघितला.

"ह्याच्यावर त्याचा नाव हाय?"

"नाही. तुझंच आहे. त्याचं रक्त तपासलं नव्हतं, आक्का. आता कुठंच लिहिता येत नाही."

तिनं कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मंग ह्यो घेऊन मी काय करू? मी तर वाचले."

ती उठली नाही. हेमालीनं दार किलकिलं करून पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी हातानंच तिला थांबवलं.