ओढ्यापलीकडची दवंडी

पावणं, जरा थांबा. एरवी मी बोलायला लागले की सगळं गाव आपोआप थांबायचं. पण आता माझं कातडं तडकलंय, म्हणून अशी हळू हाक मारावी लागते. मी हलगी. पन्हाळ्याच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथल्या दवंडीची हलगी.

माझं कडं गुंडू लोहारानं वळलं आणि त्यावर करडाचं कातडं ताणून बसवलं आकारामच्या बापानं. गावात दवंडी द्यायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बाप थकला तशी मी आकारामच्या खांद्याला आले. त्याच्या एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. मार दोन्हींचा खायचे, पण तोरा असा की जणू हुकूम मीच सोडतेय!

कोल्हापूरच्या गादीवर नवे महाराज आले आणि माझं काम वाढलं. आधी हरवलेली म्हैस नाहीतर जत्रेचा दिवस, एवढंच सांगायचं असे. आता पंधरा दिवसांआड नवा हुकूम. पोरं शाळेत घाला. देवी टोचून घ्या. राखीव रानातलं लाकूड तोडू नका. मापं चावडीवर आणून तपासून घ्या. प्लेग आला तेव्हा ‘घरं सोडा, माळावर चला’ हेही मीच सांगितलं. गावाच्या लेखी कायदा कागदावर नव्हताच, तो माझ्या कातड्यावर होता. वाजली तर लागू, नाही वाजली तर नाही.

माणसांच्या कानांची मोठी गंमत असते. फुकट बियाणं मिळणार अशी दवंडी असली की तीन गल्ल्या पलीकडचा बहिराही धावत येतो. दंडाची असली, की माझ्यासमोर बसलेला माणूस तंबाखू मळत म्हणतो, “काय सांगत हुता वो? आमाला काय ऐकूच आलं न्हाय.” त्यामुळे ‘ऐकू आलं नाही’ म्हणणाऱ्यावर गावात कुणी विश्वास ठेवत नसे. मीही ठेवत नव्हते.

मग ती श्रावणातली दवंडी आली. “सरकारी जागंत ज्यांचं घर असंल, त्यांनी म्हैन्याच्या आत चावडीवर नाव लावावं होऽऽ! न्हाईतर घर उतरलं जाईल होऽऽ!”

आता गावात असं घर एकच होतं. प्लेग सरल्यावर सरकारी माळावरून सगळे परतले. मेहमुदा पिंजारीण तेवढी तिथंच राहिली. तिचा नवरा त्या साथीत गेला होता आणि गावातलं भाड्याचं घरही सुटलं होतं. माळावरच्या खोपटाला तिनं एकेक करून मातीच्या भिंती घातल्या, कापूस पिंजून दोन पोरी वाढवल्या. म्हणजे एवढा मोठा हुकूम, आणि तो ऐकायला हवा होता फक्त तिनं.

आकाराम साऱ्या गल्ल्या फिरला. पावसात भिजून माझं कातडं सैल पडलं होतं. गावाबाहेर ओढ्याला गुडघाभर पाणी, पलीकडे माळ. “आता एका घरापायी कोन भिजतंय?” असं म्हणून त्यानं अलीकडूनच दोन ठोके मारले. भद्द, भद्द. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा आवाज. चावडीवर जाऊन सयाजी पाटलांना मात्र सांगितलं, “समद्या गावानं ऐकलं जी.” पाटलांनी तसं लिहून टाकलं. मला त्या आवाजाची इतकी लाज वाटली होती की कुणी विचारलं नाही तेच बरं झालं असं वाटलं.

महिना सरला आणि मेहमुदाचं घर उतरवायचा हुकूम निघाला. ती तडक पन्हाळा चढून मामलेदारांकडे गेली. दसऱ्याच्या सुमाराला मामलेदार स्वतः चावडीवर आले.

“म्या हलगी ऐकलीच न्हाई, रावसाहेब. ऐकली असती तर पळत आले असते की!” मेहमुदा म्हणाली.

“हिच्या पिंजनीच्या आवाजात हिलाच ऐकू आलं नसंल,” पाटील म्हणाले. सगळे हसले.

मामलेदारांनी आकारामला विचारलं, “दवंडी दिली होतीस?”

“दिली हुती जी.” त्यानं मान वर केली नाही.

“मग वाद कशाला? मी हिच्या दारात उभा राहतो. तू त्या दिवशी जिथून वाजवलीस तिथून वाजव. ऐकू आली, तर घर उतरेल.”

आणि नाही आली, तर आकारामचं पिढीजात काम जाईल, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

ऊन कडक होतं. ओढ्याकाठी आकारामनं पाचट पेटवून नेहमीसारखं मला शेकलं. कातडं असं ताठ झालं की माळ काय, गडाच्या तटावरही ऐकू गेले असते. खरं सांगते, मला चेवच आला. साक्षात मामलेदार ऐकणार होते! तेवढ्यात पलीकडे मेहमुदा दिसली. पोरींना जवळ घेऊन ती दारात उभी होती, आणि नीट ऐकू यावं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर मागे सारून कान मोकळा केला होता.

आकारामनं टिपरू उचललं, खाली घेतलं. मग ओढ्यात उतरून त्यानं मला पाण्यात बुडवलं.

“आरं आकाऱ्या, काय करतुयास?” शेजारी उभे असलेले पाटील ओरडले.

“त्या दिशी अशीच वली हुती, पाटील. हितनंच वाजीवली. पल्याड गेलोच न्हाई मी.”

मग त्यानं सगळा जोर लावून मला बडवलं. भद्द. भद्द. भद्द. थोड्या वेळानं माळावरून मामलेदारांचा आवाज आला, “अरे, वाजव की लवकर!”

आकाराम पाण्यातून पलीकडे गेला आणि त्यानं सगळं कबूल केलं. मामलेदार संतापले. “सहा महिने तुझं काम बंद! पण आधी ही दवंडी पुरी कर. हिच्या दारात. महिना आजपासून धरायचा.”

पण मी तर ओलीचिंब. तेव्हा मेहमुदानंच चूल पेटवली, कापसाचा कचरा आत सारला आणि मला जाळावर धरलं. जिच्या घरावर मी पहार आणली होती तिच्याच हातात मी शेकत होते. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

“चुकलं, भाबी,” आकाराम म्हणाला.

“आता नीट वाजीव. आत पोरी हायत्या, त्यास्नीबी ऐकू दे.”

मी वाजले. अशी वाजले की कडेला कातडं तडकलं. दुसऱ्या दिवशी मेहमुदानं चावडीवर नाव लावलं आणि घर राहिलं.

आता मी आकारामच्या खुंटीला असते. सहा महिन्यांनी त्याला काम परत मिळालं, नवी हलगीही आली. तुम्ही लिहिणारी-वाचणारी माणसं. उद्या हुकूम काढाल, हुकूम सांगत फिराल. तेव्हा एवढं करा, ओढ्याला पाणी असलं तरी पलीकडे जा. आणि कुणी ‘ऐकलं नाही’ म्हणालं, तर आधी हलगीला विचारा.

काल पुन्हा कसलीशी दवंडी होती. हुकूम काय होता, मला ठाऊक नाही. मी फक्त पहिला ठोका कुठून येतो ते ऐकत होते. तो माळावरून आला.