पाच तारांचं कुंपण

"काका, ही ती मुंगी नाही."

संशोधक बाई उतारावर गुडघे टेकून बसली होती. दोन्ही हातांनी तिनं कमरेएवढं गवत बाजूला सारून धरलं होतं आणि मधल्या बशीएवढ्या जमिनीवर बिस्किटाचा चुरा टाकला होता. चुऱ्यावर काळ्या मुंग्यांची झुंबड उडाली होती. राखणदार तिच्या मागं वाकून बघत होता.

"मुंगी ती मुंगीच की हो बाई," तो म्हणाला. "चावल्याशी कारण."

बाई हसली नाही. सकाळपासून ही सत्ताविसावी जागा होती. सत्ताविसाच्या सत्तावीस ठिकाणी काळीच मुंगी निघाली होती. तिनं चुऱ्याची डबी बंद केली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "बसा जरा काका. तुम्हाला एक सांगायचंय."

राखणदार बसला. इतक्या वर्षांत त्याला 'बसा' म्हणून सांगितलेली एकही गोष्ट चांगली निघाली नव्हती.

या उताराची राखण तो एकोणीस वर्षं करत होता. राखण कसली, तर एका निळ्या फुलपाखराची. बोटाच्या दोन पेरांएवढं ते पाखरू जगात मोजक्याच ठिकाणी उरलंय, असं तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. उतारावरच्या ज्या बुटक्या जांभळ्या फुलांवर ते अंडी घालतं, ती फुलं शेळ्या खातात, तेव्हा एकही जनावर आत येता कामा नये. साहेब सांगून गेले आणि यानं ते काळजावर कोरून घेतलं. पाच तारांचं कुंपण त्यानं स्वतः उभं राहून घालून घेतलं. दर आठवड्याला तारा ताणायच्या, वाकलेला खांब सरळ करायचा, भोक दिसलं की बुजवायचं. गावानं त्याचं नावच कुंपणकाका पाडलं. पोरंटोरं हसायची, पण त्याला त्याचं काही नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता.

पाखरांची मोजदादही तोच ठेवायचा. उन्हं चढली की ठरलेल्या पायवाटेनं वर जायचं आणि दिसतील ती वहीत लिहायची. पहिल्या वर्षी एका दिवशी एकशे चौसष्ट भरली होती. मग शंभर, मग साठ, मग एकोणीस. आकडा जसा उतरत गेला तसा हा गडी कुंपण आणखी घट्ट करत गेला. खालून ससा जातो म्हणून जाळी लावली. सात वर्षांपूर्वी एका दुपारी एकच पाखरू दिसलं. त्यानंतर दर मोसमात तो पायवाटेनं जायचा, यायचा आणि वहीत शून्य लिहायचा. शून्य लिहितानाही तारीख मात्र नीट घालायचा.

"त्याची अळी असते ना," बाई सांगू लागली, "ती फुलावर थोडे दिवस राहते आणि मग खाली पडते. तिथं एक तांबडी मुंगी तिला उचलून घरी नेते. आपलंच पिल्लू समजते. ही लबाड तिथं मुंग्यांचीच पिल्लं खात वर्षभर राहते आणि पाखरू होऊन बाहेर येते. ती तांबडी मुंगी नसेल तर अळी मरते. दुसरी कुठली मुंगी चालत नाही."

"मग ती तांबडी गेली कुठं?"

"तिला ऊन लागलेली जमीन लागते. गवत वाढलं की जमीन गार पडते. मग ती जाते आणि ही काळी येते."

राखणदारानं समोर पाहिलं. वारा आला की सगळा उतार हिरवागार लवत होता. आल्यागेल्याला तो अभिमानानं हेच दाखवायचा, बघा म्हणायचा, एक पान कुणाला तोडू दिलं नाही.

"आणि गवत वाढलं कशानं?" त्यानं विचारलं. खरं तर उत्तर त्याच्या घशापर्यंत आलं होतं.

बाईनं मान खाली घातली. "कुंपणाआधी इथं काय चरायचं, काका?"

"शेळ्या," तो म्हणाला. त्यानं समोरची गवताची काडी उपटली. "माझ्या थोरल्या भावाच्या."

दादाच्या शेळ्या. त्याआधी वडिलांच्या, त्याआधी आजोबांच्या. लहानपणी दोघं भाऊ याच उतारावर शेळ्यांमागं हिंडले होते. मग धाकट्याला सरकारी टोपी मिळाली आणि थोरल्याकडं शेळ्या राहिल्या. कुंपण पडलं तेव्हा दादा समजावायला आला होता. भांडायला नव्हे, हे राखणदाराला आज नेमकं आठवलं. तारेवर हात ठेवून दादा म्हणाला होता, "बारक्या, शेळ्या या उताराची दाढी करतात रे. ती वाढली की याचं तोंड ओळखू यायचं नाही. तुझी पाखरं माझ्या शेळ्यांच्या पायातच वाढलीत. आपण लहान होतो तेव्हा काय कमी होती का?"

आणि हा म्हणाला होता, "साहेबांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

दादानं हात काढून घेतला. पुढं दोनच महिन्यांनी शेळ्या तारेखालून आत आल्या. जुनी वाट त्यांच्या पायात होती. राखणदारानं सहाच्या सहा हाकत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. भावाच्या म्हणून सोडल्या असं कुणी म्हणायला नको! ऐन उन्हाळा, तीन दिवस सुटका झाली नाही, आणि एक गाभण शेळी तिथंच मेली. दादानं ती खांद्यावर टाकून घरी नेली, ती याच्या दारावरून. मान वळवून पाहिलं नाही. तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी दादा गेला, तेव्हा हा माणसांच्या मागं उभा राहिला आणि तसाच परत आला.

"काका," बाई हळूच म्हणाली, "तुमची चूक नाही. आमच्याच लोकांनी तसं सांगितलं होतं."

"मला दोघांनी सांगितलं होतं बाई," तो म्हणाला. "ऐकलं मी एकाचंच."

बाईकडं अजून एक गोष्ट होती. नदीपलीकडं एका डोंगरावर ही पाखरं अजून होती. शेळ्यांनी चार फुलं खाल्ली तरी बाकीची पुरतील; इथलं गवत चरून बुटकं झालं, तांबडी मुंगी परतली, तर दोन-तीन वर्षांत तिथून अंडी आणता येतील. पण डोंगर चढणाऱ्या शेळ्या गावात आता एकाच घरी उरल्या होत्या, आणि त्याही परवा विकल्या जाणार होत्या.

"मी कालच वहिनींना भेटले तुमच्या," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, ज्यानं बंद केलं त्यानं येऊन सांगावं."

घरी येऊन राखणदारानं हे बायकोला सांगितलं. जेवण समोर तसंच राहिलं. "कुठल्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला.

"आहे त्याच तोंडानं जा," बायको म्हणाली. "दुसरं कुठून आणणार? एकोणीस वर्षं मी मागच्या दारानं त्यांच्याकडं जाते-येते. तुम्ही एकदा पुढच्या दारानं जाऊन तर बघा."

तो थक्क होऊन तिच्याकडं बघत राहिला. या घरालाही कुंपण होतं आणि ही बाई रोज त्याच्याखालून ये-जा करत होती, आणि राखणदाराला पत्ता नव्हता! त्याही स्थितीत त्याला थोडं हसू आलं. मग तो उठला.

दादाच्या अंगणात पाय ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. फाटकाशीच थांबून त्यानं हाक दिली, "वहिनी!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात आली ती भिंतीला धरूनच. त्याला पाहिलं आणि तिनं श्वास सोडला. "तुम्ही होय. आवाज यांचाच वाटला, दचकले." मग पदरानं ओट्यावरची धूळ झटकून म्हणाली, "बसा भाऊजी."

ओट्यावर दादाची खाट तशीच होती. तिथून कुंपणासकट अख्खा उतार समोर दिसत होता. राखणदारानं इतक्या वर्षांत उतार या बाजूनं पाहिलाच नव्हता.

वाटभर जुळवलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "वहिनी," तो म्हणाला, "दादाचं बरोबर होतं. माझं चुकलं. पाखरं माझ्यामुळं गेली. ती शेळी पण."

वहिनी खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "शेवटचा महिनाभर हे या खाटेवरून तिकडंच बघायचे. म्हणायचे, गवत किती वाढलंय बघ, बारक्याला कुणीतरी सांगा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की, चार घरं तर सोडून राहतो. तर म्हणाले, मी एकदा सांगून आलोय."

राखणदाराचा बांध फुटला. साठीचा माणूस खाटेच्या पायाला धरून लहान पोरासारखा रडला. वहिनीनं त्याला रडू दिलं. तिनं चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत त्याचं रडणं ओसरलं.

"हे मला सांगून आता काय उपयोग, भाऊजी?" कप त्याच्या हातात देत ती म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "शेळ्या घेऊन जा. विकणार होते ते काही हौसेनं नाही. माझे गुडघे गेलेत आणि माझं त्या ऐकतही नाहीत. यांच्यामागं त्यांना वळणच राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदारानं पक्कड घेतली, खालची जाळी कापली आणि पाचही तारा तोडल्या. प्रत्येक तार तुटताना टणकन वाजायची आणि गोळा होऊन मागं सरायची. आपणच इतक्या ताणून ठेवल्या होत्या, हे त्याला तेव्हा कळलं. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. संशोधक बाई वहीसकट उतारावर उभी होती. वहिनी काठी टेकत, अकरा शेळ्यांना हाकत येऊन पोचली.

शेळ्या आल्या आणि कुंपण जिथं होतं त्या रेषेवर जागच्या जागी थांबल्या. वहिनीनं हाकलल्या, राखणदारानं मागून ढकलल्या, बाईनं हिरवा पाला दाखवून बघितला. छे! एकही पाय पुढं पडेना. समोर काहीच नव्हतं, पण जन्मभर त्या इथूनच माघारी वळल्या होत्या. सगळ्यांत पुढं कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी शेळी होती, चांदी. ती मोकळ्या हवेकडं अशी बघत होती की तिला तिथं तारा दिसत असाव्यात.

"यांनी वळायला शिकवलं होतं," वहिनी म्हणाली. "पुन्हा कोंडवाडा नको म्हणून."

राखणदारानं पक्कड खाली ठेवली. तो एकटाच आत गेला आणि वीसएक पावलं चढून वळला. पोरवयात वडिलांनी दोघा भावांना एक हाक शिकवली होती. दोनदा लांबवायची आणि तिसऱ्यांदा टाळूला जीभ लावून तोडायची. टोपी आल्यापासून त्यानं ती तोंडातून काढली नव्हती; दादा मात्र शेवटपर्यंत याच हाकेनं शेळ्या बोलवायचा. येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"हियोऽऽ... हियोऽऽ... टिर्र!"

अकराच्या अकरा शेळ्यांचे कान एकदम ताठ झाले. चांदीनं मान वर केली, एक पाय पुढं टाकला, मग दुसरा, आणि ती रेष ओलांडून धावतच चढली. तिच्यामागं बाकीच्या. ती राखणदारापाशी आली, तिनं त्याच्या हाताचा वास घेतला आणि बाजूनं पुढं गेली. वरच्या मोठ्या दगडाला तिनं एक फेरा घातला, दगडामागं पाहिलं, ओरडली, पुन्हा पाहिलं. मग बऱ्याच वेळानं मान खाली घालून गवत तोडू लागली.

राखणदार खाली वहिनीकडं बघायचं टाळत होता. शेवटी त्यानं पाहिलं. ती तोडलेल्या तारांमध्ये काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

"भाऊजी," ती डोळे न उघडता म्हणाली, "अजून एकदा मारा ना हाक."

सगळ्या शेळ्या केव्हाच आत आल्या होत्या. राखणदारानं पुन्हा हात तोंडाशी धरले.