धर्माजीच्या डोलीवरचं विमान

धर्माजी कोळ्याची बायको चंद्राबाई घोरायची. घरी आलेला पाहुणा रात्री उठून विचारायचा, समुद्र खवळलाय का? लग्नानंतर धर्माजी आधी वैतागला, मग त्याला त्या घोरण्याशिवाय झोपच येईना. गेल्या शिमग्यात चंद्राबाई वारली. घर गप्प झालं आणि धर्माजीचा डोळा लागेनासा झाला.

तशात मुंबईहून उडणारं नवं जेट विमान रोज दुपारी त्याच्या आक्षी गावावरून जाऊ लागलं. पहिल्याच दिवशी त्याची घरघर कौलांवर आली आणि धर्माजी उंबऱ्यातच आडवा झाला, तो संध्याकाळी उठला.

बाकी गावाला मात्र विमान नको होतं. पाळण्यातली पोरं दचकत, कोंबड्या खुराड्यातून निघत नसत. तक्रारी गेल्या, तेव्हा विमानतळावरचे गुप्ते साहेब नकाशा घेऊन देवळात येऊन बसले.

"विमान उठलं की लगेच समुद्रावर वळवू," ते म्हणाले. "तुम्हाला आवाज नाही, आमचा फेरा वाचला की तेल वाचेल." त्यांनी निळ्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. "इथं सगळं रिकामंच आहे."

"रिकामं?" नीराबाई उसळली. "ती आमची डोल लावायची जागा हाय! सासऱ्यापासनं!"

डोल म्हणजे खुंटाला बांधायचं मोठं जाळं. समुद्रात त्याच्या जागा घराण्यांनी शेतासारख्या वाटून घेतलेल्या.

"अहो बाई, विमान वरून जाणार."

"मग? शेत ज्याचं, वरचं आभाळ त्याचंच ना?"

"व्हय व्हय!" सगळे ओरडले. साहेबांनी रेघ खोडली. दुसरी ओढली, ती भागोजीच्या डोलीवर गेली. तिसरी पाटलाच्या. नकाशाला भोक पडायची वेळ आली.

धर्माजी खांबाला टेकून बसला होता. विमान दुसरीकडे वळलं की आपली झोप गेली. खरं कारण सांगावं तर गाव चंद्राबाईला हसणार, आणि ते त्याला चालणार नव्हतं. तो उठला.

"साहेब, माज्या डोलीवरनं न्या."

"मासं पळतील, येड्या!" त्याचा होडीतला भागीदार काळूराम किंचाळला.

"पळू देत."

साहेबांनी घाईघाईने रेघ ओढली आणि नकाशा गुंडाळला.

आता गाव दुपारी निवांत असतं. धर्माजी भरती-ओहोटी न बघता विमानाच्या वेळेला होडी काढतो. वरून विमान येतं, आणि धर्माजी दोरांच्या ढिगावर तोंड उघडं टाकून झोपतो.

"ऊठ मेल्या, जाळं कोन वढील?" काळूराम बोंबलतो, आणि एकटाच ओढतो. मासे काही पळाले नाहीत. पण झोपलेल्याला कसला वाटा, म्हणून काळूराम पापलेटं स्वतःकडे ठेवतो आणि त्याला नुसते बोंबील देतो. धर्माजी कुरकुरत नाही.