बिनभाराची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. जुनी खरी, पण कामाची नव्हे. माझ्या बहिणींनी वर्षानुवर्षं एक अख्खा रस्ता तोलून धरला आणि मी त्यांच्या शेजारी नुसती पडून राहिले.

कुंभकोणम्‌हून इन्नंबूरकडे जाताना रेल्वेरुळांवर एक पूल लागतो. त्या पुलावर चढणारा मातीचा भराव दोन्ही बाजूंच्या भिंतींनी धरलेला आहे. बाहेरून काँक्रीटचे तुकडे दिसतात आणि लोक त्यांचंच कौतुक करतात. खरं काम आतल्या पट्ट्यांचं. प्रत्येकीचं एक टोक काँक्रीटला बांधलेलं, बाकीचं अंग मातीत दूरवर गेलेलं. पुढची माती बाहेर ढकलते, मागची माती पट्टीला धरून ठेवते, आणि या ओढाताणीत पट्टीने तुटायचंही नाही, निसटायचंही नाही.

या भिंतीचा हिशेब पंकजाने केला. ती इथल्याच तंजावरी मराठी घरातली अभियंता. किती लांब पट्टी निसटणार नाही, किती जाड पट्टी तुटणार नाही, हे तिने प्रत्येक थरासाठी ठरवलं. शिवाय थोडी जाडी गंजाला खायला म्हणून जादा ठेवली. पण गंज बेताने खातो की अधाशासारखा, हे कळणार कसं? त्यासाठी एक नमुना पट्टी पुरतात. तिच्यावर भार नसतो. काही वर्षांनी तिला बाहेर काढायचं आणि तिच्या अंगावरून बाकीच्यांची तब्येत ओळखायची. ती नमुना पट्टी मी.

मला पुरायच्या दिवशी पूजा झाली. हळदकुंकू तेवढं माझ्याच वाट्याला आलं. पंकजाचे वडील वैद्यनाथ पिशवीभर नदीची वाळू घेऊन आले होते. वाळूला त्यांच्या घरात तमिळ चालीवर मणल म्हणत.

"पंकजे, इला ह्या मातींत नको टाकूंस. स्वच्छ मणल घाल भोंवतीं."

"अप्पा, इतर पट्ट्या जशा, तशीच ही असावयास हवी."

"पूजा केलेली वस्तू चिखलांत टाकितात कां कुणी? एवढीशी मणल काय करील?"

वडिलांचं मन मोडणं तिच्या जिवावर आलं. तिने माझ्याभोवती वाळूची गादी केली. मी वेडी, फुशारून गेले!

मग रस्ता सुरू झाला. भाताचे ट्रॅक्टर, देवदर्शनाच्या बसगाड्या, लग्नाची वऱ्हाडं माझ्या डोक्यावरून गेली. बहिणी ताणल्या जात होत्या, मी आराम करत होते. पुढे वरचं गटार केळीच्या पानांनी आणि प्लॅस्टिकने तुंबलं. ते साफ करायला कुणी फिरकलं नाही. पाणी भरावात झिरपू लागलं. माझ्या वाळूतून ते निथळून जाई, बहिणींच्या चिकट मातीत मात्र मुरून राही. आधी त्यांचा जस्ताचा मुलामा गेला, मग पोलाद झिजू लागलं. आणि भिंतीच्या पायथ्याशी रोज सकाळी शाळेच्या बसची वाट पाहत तुमच्यासारखी मुलं पाठ टेकून उभी राहत. त्यांची बडबड ऐकून माझा जीव कासावीस होई.

यंदा मला बाहेर ओढून काढलं. मोठे साहेब सतीशकुमार खूश झाले. "अगदी नवी कोरी आहे! भिंत ठणठणीत. भोक बुजवून टाका," ते तमिळमध्ये म्हणाले. सगळ्यांनी माझी वाहवा केली, फोटोही काढले. मित्रांनो, त्या वेळेइतकी शरम मला कधीच वाटली नाही. माझ्या तोंडाकडे पाहून भिंतीला निर्धोक ठरवत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

पंकजाने मला हातात घेतलं. माझ्या खाचांतून पांढरट वाळू तिच्या तळव्यावर सांडली. भोकातली माती लाल, चिकट होती. तिचा चेहरा उतरला. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला.

"अप्पा, ती मणल आठवते?"

पट्टी कोरी का निघाली, ते तिने सांगितलं. "माझ्यामुळें कीं, पंकजे?"

"नाहीं अप्पा. तुम्हांस ठाऊक नव्हतें. मज ठाऊक होतें. घातली मींच."

मग ती साहेबांसमोर उभी राहिली. "सर, ही पट्टी खरं सांगत नाही. हिला मी वेगळ्या वाळूत पुरलं होतं. चूक माझी आहे. रस्ता बंद करा, भार वाहणारी पट्टी उकरू."

"सणाच्या गर्दीत रस्ता बंद? आणि तुमच्या नावाचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय, सर. आधी मुलांचा बसथांबा हलवा."

थांबा त्याच दुपारी हलला, रस्ताही बंद झाला. वरून भराव खणला, तेव्हा माझी एक बहीण बाहेर आली. तिच्या कडा कुरतडलेल्या होत्या, मधे पोलाद पापुद्र्यासारखं सुटत होतं. गंजाला दिलेला वाटा संपून तो तिच्या अंगाला लागला होता. पंकजा तिच्याजवळ बसून रडली. भिंत मात्र वेळेत सावरता आली. गटार मोकळं झालं, आत नवे आधार बसले.

आता आम्ही दोघी गावातल्या एका कॉलेजात टेबलावर शेजारी शेजारी असतो. मुलं येतात आणि आधी मलाच उचलतात, कारण मी देखणी. मित्रांनो, तुम्ही तसं करू नका. घर असो, पूल असो की माणसं, सगळं ठीक आहे ना, हे ज्याच्यावर भार आहे त्याला जाऊन विचारा. आणि इथे आलात तर आधी माझ्या बहिणीला उचला. पण हळू उचला, तिने फार ओढ सोसली आहे.